पुसलेली खूण

दार्जिलिंगच्या पश्चिमेस, नेपाळच्या सीमेला लागून असलेल्या मानेभंज्यांग गावाहून संदकफूच्या शिखराकडे जाणारी वाट ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तेथील जुन्या लँड रोव्हर गाड्यांचा विसर पडणे कठीण. चहामळ्यांच्या इंग्रज मालकांमागे राहिलेल्या या गाड्यांनी ३६३६ मीटर उंचीची ती चढण कित्येक दशके केली आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीत मी चालकाशेजारी बसलो होतो. समोरच्या पत्र्यावर एक लहानशी पट्टी होती. तिच्यावरील अक्षरे आणि आकृत्या इतक्या झिजल्या होत्या की, काहीतरी लिहिलेले होते एवढेच कळावे. मी विचारले, येथे काय होते? लाल मुठीचा दांडा मागे ओढीत तो हसून म्हणाला, ‘पढ़कर कौन चलाता है, बाबूजी?’

त्या वेळी हे उत्तर मला पुरेसे वाटले. पुढे कलकत्त्यास एका परिचित गृहस्थांनी तशाच एका गाडीचा जीर्णोद्धार आरंभिला आणि त्यांनी माझ्यापुढे जो प्रश्न ठेवला, त्याने मात्र मला पुष्कळ दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. त्यांनी जुनी पुस्तिका मिळवून मूळ पट्टी रेषा न् रेषा तशीच छापण्याची सिद्धता केली होती. परंतु डोंगरातल्या पुष्कळ गाड्यांप्रमाणे या गाडीचेही मूळ पेट्रोलचे इंजिन केव्हाच काढले गेले होते आणि त्याच्या जागी महिंद्राचे डिझेल इंजिन धडधडत होते. दांड्यांची जुळणीही कोण्या कारागिराने आपल्या सोयीने बदललेली होती. मग पट्टीवर काय छापावे? मूळ कारखान्याने लिहिले ते, की आज गाडीत आहे ते?

प्रथमदर्शनी हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण खूण म्हणजे काय, याचा विचार करू लागताच तो खोल जातो. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर प्रथम लोकांपुढे आली. पुढे तिच्यात जी रचना रूढ झाली, तीत पिवळी मूठ खाली दाबली की पुढच्या चाकांनाही गती मिळते. लाल मूठ मागे ओढली की गाडी मंद पण बलवान गतीत येते आणि पुढची चाके आपोआप जोडली जातात. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या भाषा बोलणारे शेतकरी आणि सैनिक ज्या वाहनावर बसावयाचे, त्याच्यावर शब्दांपेक्षा रंग आणि चित्रे अधिक उपयोगी पडतात, हे उघड आहे.

या चित्रांचा अर्थ चित्रांत मात्र नसतो. ट्रॅक्टरवर जलद गतीसाठी ससा आणि मंद गतीसाठी कासव काढण्याचा प्रघात आहे. आपल्या गोष्टीत शर्यत कासवाने जिंकली. पण ट्रॅक्टरवर बसताना ती गोष्ट बाजूला ठेवावी लागते. मोटारीत तेलाचा दाब घटला म्हणजे जे चित्र उजळते, ते जुन्या काळच्या तेल घालण्याच्या चोचीच्या भांड्याचे आहे. आज ते भांडे फारसे कोणी वापरीत नाही. पुष्कळांना त्या चित्रात अल्लाउद्दीनचा दिवाच दिसतो. तरीही दिवा म्हणणारा मनुष्य गाडी थांबवितो, आणि थांबवितो तेच योग्य असते. चित्राचा मूळ विषय विसरला गेला, पण खूण खरी राहिली; कारण तिने सांगितलेले इंजिनात खरोखरच घडत होते.

माझा व्यवसाय कारकुनाचा. नकला करणे आणि ‘मुळाबरहुकूम’ असा शेरा मारून त्या पुढे पाठविणे, यात आयुष्याची काही वर्षे गेली आहेत. या शेऱ्याचा अर्थ फार मर्यादित असतो. नक्कल मुळाशी जुळते, एवढेच तो सांगतो. मुळातील मजकूर वस्तुस्थितीशी जुळतो की नाही, याची हमी तो देत नाही. कागदाच्या बाबतीत हा भेद आपण सहज विसरतो, कारण कागद धारिकेत पडून राहतो. गाडीवरच्या पट्टीची गोष्ट निराळी. माझ्या मित्रांनी मूळ पट्टी हुबेहूब छापली असती, तर ती नक्कल म्हणून निर्दोष ठरली असती आणि खूण म्हणून असत्य. चोकची कळ जेथे उरलीच नाही, तेथे तिचे नाव राहिले असते. पेट्रोल असे वाचून कोणी डिझेलच्या टाकीत पेट्रोल ओतले असते. आणि उतारावर मंद गती हवी असताना भलत्याच दिशेला दांडा ढकलला गेला असता.

ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्यात दोन सूत्रे आहेत. जेथे तर्काला आरंभ होतो, तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि नव्याने बसविलेला भाग मुळाशी सुसंगत असूनही त्याहून वेगळा ओळखू आला पाहिजे. मोडी कागद छापणारे आपले संशोधकही फाटलेल्या जागी टिंबे देतात, स्वतःची अक्षरे भरीत नाहीत. हा प्रामाणिकपणा भूतकाळाशी आहे आणि तो आवश्यकच आहे. पण जी वस्तू अजून चालते, तिच्यावर दुसरेही एक ऋण असते, ते उद्या तिच्यावर बसणाऱ्या अनोळखी माणसाचे.

येथे मला त्या डोंगरातील चालकाचे उत्तर पुन्हा आठवले. त्याला पट्टीची गरज नव्हती, हे खरे. त्याच्या हातानेच ती पुसली होती. जाणत्याला खूण लागत नाही. ती ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी, परक्यासाठी, लिहिलेली असते. आणि जो परका आहे त्याला तिची परीक्षा करता येत नाही, केवळ विश्वास ठेवता येतो. परीक्षेला असमर्थ असलेल्या माणसाला सांगितलेले असत्य, मग ते कितीही सुबक आणि परंपरेला धरून असो, अधिक दोषास्पद मानले पाहिजे.

कोणी म्हणेल की, अशाने इतिहासाचा लोप होईल. मला तसे वाटत नाही. बदललेले इंजिन हाही त्या गाडीचा इतिहासच आहे, आणि ज्या अनाम कारागिराने ती चालती ठेवली, त्याचा मान मूळ कारखान्याहून कमी का मानावा?

मी मित्रांना माझे मत कळविले. त्यांनी झिजलेली पट्टी काढून पेटीत जपून ठेवली. तिच्या जागी, आजच्या यंत्राशी पडताळून पाहिलेली नवी पट्टी बसविली आणि कोपऱ्यात ती केल्याचे वर्ष घातले. एका लहान कळीचे कार्य मात्र अखेरपर्यंत उलगडले नाही. तिच्यासमोरची जागा त्यांनी कोरीच ठेवली आहे.