न दिसणारे नाणे आणि दिलेला शब्द



गेल्या कार्तिकी वारीत चंद्रभागेच्या वाळवंटी सायंकाळचे कीर्तन आटोपले. आम्ही फेटा उतरवून बसतो न बसतो तोच एक तरुण पुढे आला. पुण्याकडे संगणकाच्या कचेरीत नोकरीस असलेला, गळ्यात तुळशीची माळ, बोलणे नम्र. पाया पडून म्हणाला, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारू? आत्ता कीर्तनात तुम्ही म्हणालात, नामाला वजन नाही, चोर ते नेत नाही, अग्नी जाळत नाही, आणि ते जवळ बाळगायला राजाची परवानगी लागत नाही. मग आमच्या बिटकॉइनचंही तसंच आहे की! ते दिसत नाही, हाती लागत नाही, त्यावर राजाचा शिक्का नाही. नामावर विश्वास ठेवला तर ती भक्ती, आणि या नाण्यावर ठेवला तर तो लोभ, हे कसं काय?"

भोवतालची मंडळी हसली. आम्हांस हसू आले नाही. एक तर प्रश्न खरा होता. आणि दुसरे असे की, या नाण्याच्या पायी आमच्या हातून एक मोठी चूक घडून गेली होती. ती पुढे सांगूच. त्या रात्री त्याला जे उत्तर दिले ते अपुरे होते. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या गुरुजींनी पाठशाळेत एक शिस्त लावली होती. पूर्वपक्ष मांडायचा तो असा, की प्रतिपक्षी म्हणावा, "मलाही इतके नीट सांगता आले नसते." तेव्हा प्रथम ही वस्तू आहे तरी काय ते पाहू.

२००८ साली अमेरिकेतील मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या नावाने कोणी एक नऊ पानांचा लेख प्रसिद्ध केला. हा गृहस्थ कोण, एक की अनेक, हे आजवर उघड झालेले नाही. ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या नाण्याच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. वही म्हणण्याचे कारण असे की, येथे नाणे म्हणून वस्तूच नाही. आहे ती केवळ वही. अमक्याने तमक्याला इतके दिले, एवढीच नोंद. मात्र ही वही एका सावकाराच्या कपाटात नाही. तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत, आणि प्रत्येक पान मागल्या पानाशी गणिताने असे शिवलेले आहे की, एक जुनी नोंद खोडायला गेले तर पुढची सगळी पाने उसवतात. सुमारे दर दहा मिनिटांनी नवे पान लागते. ते लावण्याचा मान मिळावा म्हणून यंत्रे आकडे ओळखण्याची शर्यत लावतात, आणि जिंकणाऱ्यास नवी नाणी मिळतात. आरंभी एका पानास ५० मिळत. दर चार वर्षांच्या सुमारास ती निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली आहेत. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधी जायची नाहीत, असा नियमच आहे.

आता या मताचे लोक काय म्हणतात? ते म्हणतात, राजे नोटा छापतात आणि गरिबाच्या गाठीचा पैसा पातळ होतो. हे खोटे नाही. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात २००९ साली एकावर चौदा शून्ये असलेली नोट निघाली, आणि तिचीही किंमत उरली नाही. ते म्हणतात, परदेशी राबणारा मजूर घरी पैसे धाडतो, तर वाटेतले दलाल त्यातला लचका तोडतात. हेही खरे. आणि ते म्हणतात, तुमची नोट तरी काय आहे? कागदावर लिहिलेले वचनच ना? हेही मान्य करावे लागते. १६७४ साली राज्याभिषेकसमयी छत्रपतींनी होन आणि शिवराई पाडली. त्या तांब्याच्या शिवराईमागे तांब्याहून मोठे असे स्वराज्य उभे होते. हुंडी म्हणजे कागदाचा चिटोराच, पण पेढीवाल्याच्या शब्दावर ती काशीपर्यंत वटे. तेव्हा पैसा म्हणजे विश्वास, हा पूर्वपक्ष आम्ही डोके लववून स्वीकारतो. वाद आहे तो पुढे.

पहिला विचार देण्याघेण्याचा. ज्याने मापायचे ते माप स्थिर हवे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत फ्लोरिडा प्रांती एकाने दोन पिझ्झ्यांसाठी, म्हणजे दोन विलायती भाकऱ्यांसाठीच म्हणा ना, १०,००० बिटकॉइन दिले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाच बिटकॉइनचा भाव ६९,००० डॉलरांच्या घरात गेला, आणि वर्षभरात तो १७,००० च्या खाली उतरला. ज्या पायलीत सकाळी चार शेर मावतात आणि संध्याकाळी एकच, त्या पायलीने खळ्यावर धान्य कोण मापील? भाव चढणार वाटले तर कोणी खर्च करीत नाही, उतरणार वाटले तर कोणी घेत नाही. एल साल्वादोर नावाच्या छोट्या देशाने २०२१ साली कायदा करून हे चलन चालू केले. २०२५ साली ते स्वीकारण्याची सक्ती त्यालाच उठवावी लागली.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. आळंदीच्या वाटेवर हारवालीसुद्धा आता चौकोनी ठिपक्यांची पाटी पुढे करते आणि मोबाइलवरून पैसे घेते. कित्येक माउल्या समजतात, हेच ते क्रिप्टो. नव्हे. २०१६ पासून चालू असलेली ती यूपीआयची सोय आहे, आणि त्यातून फिरतो तो आपला रुपयाच. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून लोकांसाठी प्रायोगिक म्हणून काढलेला डिजिटल रुपया, तोही रुपयाच. बिटकॉइन मात्र आपल्या देशात कायदेशीर चलन नाही. ते जवळ ठेवणे गुन्हा नाही. त्यावरील नफ्यास २०२२ पासून शेकडा ३० कर आहे, आणि तोटा आला तर तो दुसऱ्या मिळकतीतून वजा करता येत नाही. सरकार करात भागीदार आहे, बुडण्यात नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

दुसरा विचार पैसा गुंतवण्याचा. म्हैस घेतली तर दूध देते, शेत घेतले तर पीक देते, कारखान्यात पैसा घातला तर माल निघतो. या नाण्यापासून काही निघत नाही. उद्याचा गिऱ्हाईक आजच्यापेक्षा अधिक देईल, एवढीच त्याची आशा. कोणी म्हणेल, "महाराज, सोनं तरी कुठं पिल्लं घालतं?" आक्षेप रास्त आहे. भाव चढेल म्हणून पुरून ठेवलेले सोने आम्ही त्याच तागडीत घालतो. फार तर सोन्याचे मंगळसूत्र होते, एवढे त्याचे अधिक. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे एक अक्षसूक्त आहे. फासे टाकून शेती कर, असा त्याचा सांगावा. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या ऋषीला संगणक ठाऊक नव्हता, पण रात्रभर भाव पाहत जागणारे डोळे ठाऊक होते. धर्मराजासारखा धर्मराज फाशांपुढे भान विसरला, तेथे आपली काय कथा! संतांनी धन मिळवू नका असे सांगितले नाही. कष्टाने मिळवा आणि त्यात अडकू नका, एवढेच सांगितले.

तिसरा विचार विश्वासाचा, आणि तोच मुख्य. या नाण्याची बढाई अशी की, येथे कोणा माणसावर विश्वास ठेवावा लागत नाही. गणित राखण करते. गणिताने आपले काम केलेच. ती वही आजवर कोणी उसवलेली नाही. पण माणसे? जपानात टोकियो येथे २०१४ साली अशा नाण्यांचा एक मोठा बाजार बुडाला आणि सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन बेपत्ता झाले. त्यांतले दोनेक लाख मागाहून सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स नावाचा बाजार कोसळला; त्याच्या तरुण संस्थापकास २०२४ साली २५ वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०२४ मध्ये आपल्याच देशातील एका बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरांची नाणी चोरीस गेली. गणित नोंदीचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. मधे माणूस आला की विश्वास आलाच, आणि विश्वास आला की धर्माधर्म आला.

आता आमची चूक.

२०१७ साली आमच्या दिंडीतील एक मुलगा या नाण्याची एक योजना घेऊन गावोगाव फिरू लागला. महिन्याला शेकडा दहा मिळणार, असे वचन. मुलगा गुणी, दोन्ही एकादश्या करणारा. एके ठिकाणी कीर्तन संपल्यावर आम्ही त्यास जवळ बोलावले, गळ्यात हार घातला, आणि नारदांच्या गादीवर उभे राहून बोलून गेलो, "पोरगा माळकरी आहे, लबाडी करायचा नाही." बस, एवढेच एक वाक्य. आम्ही संस्कृत शिकलो, न्याय शिकलो, पण त्रैराशिक मांडले नाही. महिन्याला शेकडा दहा, तेही व्याजावर व्याज धरून, म्हणजे एका लाखाचे वर्षात तीन लाखांवर आणि तीन वर्षांत तीस लाखांवर. असे पीक कोणत्या रानात येते? पुढल्याच वर्षी योजना बंद पडली. मुलाने लबाडी केली नव्हती. तो स्वतःही बुडाला. पण त्याच्या माळेवर आणि आमच्या वाक्यावर अकरा घरे बुडाली.

त्यांत एक म्हातारी होती. म्हैस विकून तिने चाळीस हजार दिले होते. आम्ही तिच्या दारी गेलो आणि म्हणालो, "बाई, ते नाणंच फसवं निघालं." ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "मला कुठलं नाणं ठावं, महाराज? मी तुमच्या बोलण्यावर पैकं टाकलं."

या वाक्याने आमची झोप गेली. आम्ही मनाशी बरेच तर्क केले. आम्ही पैसा घेतला नाही, कागदावर सही केली नाही, आमचा हेतू वाईट नव्हता; मग आमच्याकडे देणे कसे? न्यायालयात कदाचित हे चालेलही. पण हुंडीचे उदाहरण आठवले. हुंडीवर ज्याचे नाव, देणे त्याचे. आमचे नाव त्या योजनेच्या पाठीवर आम्हीच लिहिले होते. ज्या विश्वासाच्या बळावर लोक आमच्या मुखातून संतांचा बोध ऐकतात, तो विश्वास काही आमच्या मालकीचा नव्हता. तो संतांची ठेव होता, आणि ती ठेव आम्ही परभारे दुसऱ्याच्या धंद्यात घातली.

कोणी सांत्वन करताना म्हणाले, "तुकोबारायांनी नाही का कर्जखतं इंद्रायणीत बुडवली? सोडून द्या." बंधुभगिनींनो, येथे फार सावध असले पाहिजे. परंपरा अशी सांगते की, तुकोबारायांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांना देऊन टाकला, आणि स्वतःचा तेवढाच डोहात टाकला. बुडवले ते लोकांकडून येणे होते, लोकांचे देणे नव्हे. आणि त्यातही भावाच्या हक्काला हात लावला नाही. आपले येणे सोडणे हा वैराग्याचा धर्म. आपले देणे सोडणे हा केवळ बुडवेपणा. पहिल्याचा दाखला दुसऱ्यास लावणे म्हणजे संतांच्या आड लपणे होय. आम्ही कीर्तनाचे द्रव्य घेत नाही. घरचे थोडे रान आहे. त्या रानातल्या कांद्याचे पैसे दर सालाला एकेका घरी पोचते करतो. म्हातारीचे फिटले आहे. अद्याप चार घरे राहिली आहेत. ही नोंद हजारो संगणकांवर नाही, एकाच ठिकाणी आहे. पण तीही खोडता येत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. नाम आणि हे नाणे, दोन्ही न दिसणारी. मग भेद काय? भेद हा की, या नाण्याची किंमत ते थोडे आहे म्हणून. सर्वांच्या घरी रांजण भरून ठेवता आले तर त्यास कोणी विचारणार नाही. नाम सर्वांना मिळाले तरी कोणाचे उणे होत नाही. उलट टाळ धरणारे दहाचे शंभर झाले की पहिल्या दहांचा आनंदच वाढतो. नाण्यात आपण सुटायचे तर मागून दुसरा कोणी यावा लागतो, आणि शेवटी येणाराच्या गळ्यात ते पडते. नामात शेवटी येणाराचे काही बुडत नाही. म्हणून कोणताही व्यवहार समोर आला तर विचारावे, माझा नफा कोणाच्या घरातून येणार? दूध, धान्य, श्रम, विद्या यांतून येणार असेल तर तो उद्यम. मागून येणाऱ्या अजाण माणसाच्या पदरातून येणार असेल तर तो द्यूत, मग त्याचे नाव काहीही असो.

ज्या तरुणांना हे शास्त्र समजते, त्यांनी ते जरूर शिकावे. विद्येला आमची हरकत नाही. आपल्या कष्टाच्या पैशातून, बुडाला तरी घरच्यांच्या ताटाला धक्का लागणार नाही इतक्याने कोणी धाडस केले, तर तो त्याचा आणि त्याच्या विवेकाचा प्रश्न. मात्र दिंडीची भिशी, वारीची वर्गणी, मुलीच्या लग्नाचा पैसा आणि म्हाताऱ्या आईबापांची पुंजी यांना हात लावू नये. आणि माळेच्या ओळखीवर कोणास पैसा मागू नये, देऊही नये. माळ विठोबाची आहे, ती जामीन ठेवण्याची वस्तू नव्हे.

आमच्या कीर्तनकार बंधूंना एवढीच विनंती. गादीवरून कोणत्याही धंद्याची शिफारस करू नका, धंदा उत्तम असला तरीही. आपले एक वाक्य कोणाची म्हैस विकील, हे आपल्याला त्या वेळी कळत नसते.

रामकृष्ण हरी.