फांदीसोबतचा सांगावा

पाथर्डी, शेवगाव, कर्जत या बाजूच्या जुन्या वस्त्यांवर शेराचं कुंपण अजून कुठं कुठं टिकून आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या हिरव्या कांड्या, पानं नावापुरती, आणि विहिरी तळाला गेल्या तरी हिरवेपणा कायम. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर ते लावलं जायचं. पाणी नको, खत नको, तार नको. एवढ्या बिनखर्चाच्या राखणदाराबरोबर घरात एक ताकीदही नांदायची. पोर पायावर उभं राहिलं की आजी सांगायची, ‘शेराला हात लावू नको रे, चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल.’

सांगणं थोडं वाढवून होतं. चीक गेलेला प्रत्येक डोळा काही जात नाही. लगेच धुतला आणि वेळेवर उपचार मिळाले, तर बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत दृष्टी सुधारते. पण तीन वर्षांच्या मुलाला बुबुळाच्या वरच्या थराबद्दल काय सांगणार? आजीनं भीतीचं माप बरोबर धरलं होतं. तेवढ्या भीतीनं कुणी कुंपण उपटून टाकलं नाही आणि मुलांचे हात मात्र आवरले गेले.

आता हाच शेर शहरातल्या रोपवाटिकांत ‘पेन्सिल कॅक्टस’ म्हणून मिळतो. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत, वर रंगीत खडे पसरलेले. कुंडीवर किंमत असते, कधी ‘पाणी कमी द्या’ असंही लिहिलेलं असतं. चिकाबद्दल अक्षर नसतं. झाड बांधावरून गॅलरीत आलं आणि सांगावा बांधावरच राहिला. जिल्हा अहिल्यानगर झाला तरी आमच्या तोंडी नगरच येतं, तशा जुन्या गोष्टी सहसा जिभेवरून हटत नाहीत. ही मात्र एका पिढीत हटली. पावसाळ्याच्या तोंडावर याची आठवण होते, कारण याच दिवसांत शेजारपाजारी फांद्यांची देवघेव सुरू होते. ‘तुमच्याकडच्या त्या लाल फुलांच्या झाडाची एक काडी द्या ना’ म्हटलं की काडी मोडून हातावर ठेवली जाते. मोडलेल्या टोकातून पांढरा थेंब टपकत असतो आणि तो बघत दोघीजणी सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलत असतात.

ते लाल फुलांचं झाड म्हणजे युफोर्बिया मिली. मूळचं मादागास्करचं, काटेरी, बारमाही फुलणारं. त्याची मोठ्या फुलांची थायलंडी वाणं आता नगरच्या गच्च्यांवर सर्रास दिसतात. युफोर्बिया ही वनस्पतींची अवाढव्य प्रजाती आहे, सुमारे २,००० जातींची. लिनियसनं १७५३ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली; नाव मात्र फार जुनं, उत्तर आफ्रिकेतल्या जुबा राजाच्या युफोर्बस नावाच्या वैद्यावरून पडलेलं. शेर त्यातलाच. डोंगरउतारांवर बेटं करून वाढणारा काटेरी थोर त्यातलाच, आणि त्रिधारी निवडुंगही. नाताळात लालभडक होणारा पॉइन्सेटिया आणि कुंडीत न लावता उगवणारी नायटीदेखील याच घरातली. खंडाळा, पाचगणी आणि कात्रज या आपल्या गावांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तीन जातीही आहेत. त्यांचा कंद जमिनीत दडलेला असतो आणि त्या कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाहीत, मिळूही नयेत.

यांपैकी काटेरी मंडळींना आपण सरसकट निवडुंग म्हणून मोकळे होतो. बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही, हाताळताना बिघडतं. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, अमेरिका खंडातून आलेला. त्याचे काटे बारीक लवदार ठिपक्यांतून झुबक्यानं निघतात आणि तो कापला तर पाण्यासारखा रस येतो. युफोर्बियाचे काटे बहुधा जोडीनं असतात आणि साधी टाचणी टोचली तरी दूध बाहेर येतं. फड्याशी वागताना काटा सांभाळला की झालं. इथं काटा हा त्रासाचा लहान भाग आहे. शेराला तर काटाच नाही, आणि बागेत लावतात त्या युफोर्बियांत डोळ्यासाठी सर्वांत वाईट त्याचाच चीक.

बाजारात ‘कोरल कॅक्टस’ नावाची एक महागडी वस्तू मिळते. वर हिरवा-जांभळा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पसरलेला भाग, खाली सरळ दांडा. हे दोन झाडांचं कलम असतं. वरचा तुरा युफोर्बिया लॅक्टिया या जातीचा आणि खालचा दांडा बहुतेक वेळा आपला थोर. म्हणजे अकोल्याच्या डोंगरात ज्या झाडाला लोक वळसा घालून जातात, तेच दिवाणखान्यातल्या टीपॉयवर, नातवाच्या हाताच्या उंचीवर येऊन बसतं. कॅक्टस त्यात औषधालाही नसतो.

वाढवायला मात्र ही झाडं अत्यंत सोपी, आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागाला तर मापानं बेतलेली. जवाहरलाल नेहरू १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. तिथं त्यांनी बाग करायला घेतली, तेव्हा मातीत दगडगोटे आणि जुन्या बांधकामांचे अवशेषच फार निघाले, असं त्यांनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त लिहून ठेवलं आहे. फुलझाडांसाठी ती माती वाईटच. युफोर्बियाला तीच चालते. काळी माती टाळावी, कारण ती पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात खोड बुडातून मऊ पडतं. निम्मा मुरूम किंवा जाडसर वाळू, उरलेल्यात पोयट्याची माती आणि थोडं मुरलेलं शेणखत, तळाला मोकळं भोक, आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळली की पाणी, थंडीत त्याहून कमी. पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं कुंडी उघड्यावर निभावते. अकोल्याच्या घाटमाथ्यावर कित्येक पट पाऊस; तिथं छपराखालीच बरी.

फांदी लावण्यात एक गंमत आहे. इतर झाडांची काडी तोडल्या-तोडल्या मातीत खोचतात. हिची आठ-दहा दिवस सावलीत नुसती ठेवून द्यायची. कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरली की मगच लावायची. ओल्या चिकासह लावली तर बहुधा सडते. ज्याला धीर नाही त्यानं या झाडाच्या नादी लागू नये.

पॉइन्सेटियाची तऱ्हा वेगळी. त्याला पानं लाल करायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. गच्चीवर रस्त्याचा दिवा पडत असेल तर डिसेंबर उलटला तरी तो हिरवाच राहतो आणि माणसं खत घालत बसतात. त्याच्याबद्दल अमेरिकेत फार काळ एक समजूत होती की पान खाल्लं तर मूल दगावतं. ती खोटी ठरली. चिकानं त्वचा चुरचुरते, पान पोटात गेलं तर मळमळ होऊ शकते, त्यापलीकडे सहसा काही नाही. तिकडं साध्या झाडाची भलती धास्ती आणि इकडं शेरासारखं तिखट झाड बिनधास्त गॅलरीत. मला दोन्हींत एकच गोष्ट दिसते. जे झाड पिढ्यानपिढ्या हाताखालून गेलेलं नाही, त्याच्या भीतीचं माप चुकतं.

माप बरोबर धरायचं तर चीक नेमका कसा लागतो ते पाहावं. थेट डोळ्यात उडतो असं कमी वेळा घडतं, पण घडतं. या झाडांत चीक दाबाखाली असतो, डोक्याच्या वरची फांदी कापली की थेंब खाली येतात. जास्त वेळा घडतं ते साधंच. माणूस उन्हात छाटणी करतो, घाम डोळ्यात उतरतो आणि तो मनगटानं घाम पुसतो. किंवा काम संपवून हात नुसते पाण्यानं धुतो. चीक चिकट असतो, नुसत्या पाण्यानं निघत नाही; तासाभरानं डोळा चोळला की व्हायचं ते होतं. म्हणून छाटणी सकाळी लवकर, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, हातात जाड रबरी मोजे (पॉलिथिनच्या पातळ मोज्यांना काटे पहिल्या मिनिटाला भोकं पाडतात) आणि डोळ्यांवर बाजूनं बंद असलेला चष्मा. काटेरी खोड उचलायचं तर वर्तमानपत्राची जाड घडी त्याभोवती पट्ट्यासारखी फिरवून धरावी. वारा पाठीकडून असावा. उंच झाड शेंड्यापासून थोडं थोडं कापत यावं, खाली उभं राहून नव्हे. वाहत्या तोंडावर पाण्याचा फवारा मारला किंवा ओलं फडकं दाबलं की चीक थांबतो. शेवटी मोजे घातलेलेच हात साबणानं धुवावेत, मग मोजे काढून पुन्हा हात धुवावेत. कात्री स्पिरिटनं पुसावी, नाहीतर तिची दोन्ही पाती एकमेकांना चिकटून बसतात.

एवढं करूनही डोळ्यात गेलाच, तर नळाखाली पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडावं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जावं. लगेच फार दुखलं नाही म्हणून घरी बसू नये. या चिकाचा त्रास पुढच्या काही तासांत वाढत जातो, धुरकट दिसायला लागतं, रात्री उजेड सहन होत नाही. तूप, मध, गुलाबपाणी, घरातली उरलेली डोळ्यांची औषधं यांतलं काहीही घालू नये. झाडाचा फोटो बरोबर न्यावा. डॉक्टरांना झाड कोणतं ते कळलं की अर्धं काम होतं. रुईच्या चिकाचीही हीच गत, जरी रुईचं घराणं वेगळं. शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांच्या माळा ओवणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर फारसं दुखतही नाही, नुसतं अंधुक होतं, आणि म्हणून माणूस दोन दिवस वाट बघत राहतो.

या चिकाला औषधी मोल आहेच. सुश्रुतसंहितेत थोराचं, म्हणजे स्नुहीचं दूध तीव्र रेचकांमध्ये अग्रगण्य मानलं आहे आणि अजाण वैद्याच्या हाती ते विषासमान ठरतं असंही तिथंच सांगितलं आहे. भगंदरावर वापरतात त्या क्षारसूत्राच्या धाग्याला आधी स्नुहीच्या दुधाचे ११ लेप, मग स्नुही आणि आघाड्याच्या क्षाराचे ७, मग स्नुही आणि हळदीचे ३, असे एकूण २१ लेप वाळवत वाळवत देतात. प्रमाण आणि क्रम ठरलेला. गुणाची स्तुती आणि धोक्याची सूचना एकाच ठिकाणी आलेली मला आवडते. आजीच्या सांगण्याचंच ते शास्त्रीय रूप.

आपल्याकडं त्यातली स्तुती तेवढी फिरते. ‘चामखीळ आहे? निवडुंगाचा चीक लावा.’ युफोर्बियाच्याच एका लहान तणातून मिळणाऱ्या द्रव्याचं शुद्ध केलेलं, मोजून मापून दिलेलं मलम अमेरिकेत २०१२ मध्ये त्वचेच्या एका विकारासाठी मंजूर झालं होतं. पुढं त्याच्यामुळंच त्वचेचा कर्करोग होत असावा अशी शंका आली आणि २०२० मध्ये युरोपात ते मागं घेतलं गेलं. प्रयोगशाळेतून गाळून आलेल्याची ही कथा, तर कुंडीतल्या थेंबाचं प्रमाण कोण ठरवणार? चामखीळ त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावी. ती काही घाईनं कुठं पळून जात नाही.

हे सगळं वाचून कुणी शेर काढून टाकावा असं मला मुळीच वाटत नाही. आमच्या गच्चीवर मिलीच्या कुंड्या आहेत, कठड्याच्या आतल्या बाजूला, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. फांदी मागणाऱ्याला मी फांदी देते, कागदात गुंडाळून, आणि चिकाचं सांगते. काहीजण ऐकून घेतात, काहीजण हसतात, एखादी म्हणते, ‘मग नकोच बाई.’ ते तिघांचंही बरोबर आहे. रोपवाटिकेतल्या एका माणसाला मी विचारलं होतं की पाटीवर चिकाबद्दल का लिहीत नाही. तो म्हणाला, ‘लिहिलं तर घेईल कोण?’ पण कण्हेर आणि धोतरा माहीत असून लोक लावतातच, काहीजण तर मुद्दाम महादेवासाठी लावतात. माहिती असलेलं गिऱ्हाईक झाडही जास्त दिवस जगवतं, हे त्याला पटलं नाही.

राहता राहिल्या छाटलेल्या फांद्या. त्या शेकोटीत घालू नयेत, धुरानं डोळे आणि घसा दोन्ही धरतात. रस्त्याकडेला फेकल्या तर त्या मुलांच्या खेळण्यात येतात. सात-आठ दिवस एका कोपऱ्यात वाळू द्याव्यात, मग जाड पिशवीत बांधून घंटागाडीत टाकाव्यात, आणि टाकताना गाडीवरच्या माणसाला आत काय आहे ते सांगावं. बहुतेक वेळा त्याच्या हातात मोजे नसतात.