वेदनाशमनाची किंमत

वेदना शमविणे हे सत्कर्म आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. गुडघेदुखीने रात्र रात्र जागणाऱ्या वृद्धेला डायक्लोफिनॅकच्या गोळीने झोप लागते, तेव्हा त्या गोळीला नावे ठेवण्याचा अधिकार धडधाकट माणसाला नाही. परंतु वेदना कुणाची शमली आणि तिची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न उरतोच.

शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे सूज आणि ठणका वाढतो. जठराच्या अस्तराचे आणि मूत्रपिंडांच्या रक्तपुरवठ्याचे रक्षणही तीच करतात. डायक्लोफिनॅक ही द्रव्ये घटविते. त्यामुळे ठणका थांबतो. आणि त्यामुळेच जठरात व्रण होण्याचा, मूत्रपिंडांना इजा पोहोचण्याचा संभव असतो. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. कंबर धरली की दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची सवय आम्हांलाही होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

येथवर किंमत घेणाराच मोजतो. पुढे हे औषध आपण गुरांनाही टोचू लागलो. हेतू दयेचाच होता. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पाकिस्तानातील अभ्यासातून २००४ साली हे कारण उघडकीस आले. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईतील पारशी बांधवांच्या दोखम्यांवर गिधाडे उतरेनाशी झाली आणि त्यांचा पिढीजात अंत्यविधी अडचणीत आला.

मग दोष कुणाचा? गाईची कळ न पाहवून सुई टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोषी मानीत नाही. त्याला परिणाम ठाऊक नव्हता. परंतु २००६ साली भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅमही उपलब्ध होते. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या. अखेर २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही एका मात्रेच्या, ३ मिलीलिटरच्या कुपीपुरते मर्यादित करावे लागले. कळल्यानंतरही तेच करीत राहणे, ही दया नव्हे. ती आपली सोय होय.

चांगला हेतू माणसाला चौकशीच्या कर्तव्यातून मोकळे करीत नाही, असे आम्हांला वाटते. घरातील वृद्धांना गोळी देण्यापूर्वी त्यांच्या रक्तदाबाची, जठराची, मूत्रपिंडांची स्थिती सांगून डॉक्टरांना विचारावे. गोठ्यात सुई टोचण्यापूर्वी औषधाचे नाव विचारावे. एवढी चौकशी दयेचाच भाग आहे.