आधी बघा, मग बनवा

अभियांत्रिकीचे विद्यार्थी हल्ली इंटर्नशिपसाठी अपंगांच्या सहायक साधनांकडे वळतात, हे चांगलंच आहे. पण बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात काहीतरी नवं बनवायचं असतं. सेन्सर लावलेली काठी तर ठरलेलीच! माझ्या मते त्यांनी आधी साधन वापरणाऱ्याशेजारी बसून नुसतं बघावं. जयपूर फूट हा कृत्रिम पाय घ्या. १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. त्याआधीच्या परदेशी धर्तीच्या पायाला बूट लागायचा, त्यावर उकिडवं बसणं, मांडी घालणं अवघड. अनवाणी शेतात जाणाऱ्याला तो काय कामाचा? ही अडचण प्रयोगशाळेत दिसत नाही, जमिनीवर जेवायला बसणाऱ्याजवळ दिसते.

कोणी म्हणेल, महिना-दोन महिने बघत बसून विद्यार्थी शिकणार काय? भरपूर. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर युनिकोडमधली मराठी वाचतो. जुन्या फॉन्टमधल्या फाइलमध्ये मात्र त्याला बहुधा निरर्थक चिन्हंच सापडतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणं, मोडलेली जोडाक्षरं दुरुस्त करणं यात दिमाख नाही, पण कुणाचं तरी अडलेलं पुस्तक वाचून होतं. मग डोळ्यांना पट्टी बांधून अनुभव घेतला तर? पट्टी पहिल्या तासाची भीती दाखवते. वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेलं कौशल्य तिच्यातून कळत नाही. म्हणून अशा इंटर्नशिपच्या अहवालावर मार्गदर्शकाच्या सहीआधी साधन वापरणाऱ्याचा शेरा असावा.