चिकाटी, हट्ट आणि सेरामपूरचा छापखाना

तेराव्या शतकातील धर्मपंडित संत टॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात चिकाटीचा विचार धैर्य या सद्गुणाचे एक अंग म्हणून केला आहे, आणि तो करताना तिच्या दोन्ही बाजूंना एकेक दोष ठेवला आहे : एकीकडे मऊपणा, म्हणजे कष्ट लांबले की हातचे काम टाकून देण्याची वृत्ती, आणि दुसरीकडे हट्ट, म्हणजे आपण धरलेल्या मताला वाजवीपेक्षा अधिक चिकटून राहण्याची वृत्ती. मऊपणाची निंदा प्रवचनांतून वारंवार ऐकू येते. हट्टाविषयी मात्र धर्मोपदेशक सहसा बोलत नाहीत, कारण काम तडीस गेले की हट्टालाही चिकाटीच म्हणण्याची लोकांची रीत असते. अनेकांनी मिळून उचललेल्या प्रचंड कामात तर हा भेद अधिकच अवघड होतो, कारण तेथे एकाचा निर्धार दुसऱ्याला निमूटपणे सोसावा लागणारा हट्टही असू शकतो. ख्रिस्ती श्रद्धा अशा कामाला बळ देते हे इतिहासात पुष्कळदा दिसते; पण तीच श्रद्धा हट्ट ओळखण्याची दृष्टीही देते काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी एक जुना ईश्वरशास्त्रीय पेच आहे. पाचव्या शतकात, आयुष्याच्या अखेरच्या काळात, हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी चिकाटीच्या दानाविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला आणि त्यात असे प्रतिपादन केले की, श्रद्धेत शेवटपर्यंत टिकून राहणे हे माणसाचे कर्तृत्व नसून देवाची कृपा, म्हणजे लायकीचा हिशेब न करता दिलेले दान आहे. आणि हे दान मिळाले की नाही हे मरणापूर्वी कोणालाच निश्चितपणे सांगता येत नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्या परंपरेने यातूनच ‘संतांची चिकाटी’ हा सिद्धान्त मांडला. त्यात ‘संत’ म्हणजे देवाने निवडलेले सर्वसामान्य श्रद्धावंत, आणि देव त्यांना अखेरपर्यंत ढळू देत नाही, असा त्याचा आशय आहे. हा सिद्धान्त धीर देणारा असला तरी त्याचा विपरीत अर्थ काढणेही सोपे होते, आणि अठराव्या शतकातील इंग्लंडच्या काही बॅप्टिस्ट मंडळ्यांनी तो काढला : सर्व काही देवच करणार असेल, तर दूरदेशीच्या लोकांना शुभवर्तमान सांगायला जाणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ करणे होय.

या समजुतीला उत्तर देण्याचे काम प्रथम अँड्र्यू फुलर या धर्मोपदेशकाने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने केले, आणि नंतर नॉर्थॅम्प्टनशायरमधील एकेकाळचे चांभारकाम करणारे पाळक विल्यम कॅरी यांच्या १७९२ च्या पुस्तिकेने. कॅरी यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, देवाचे वचन हे प्रयत्न न करण्याचे कारण नसून प्रयत्नांचा पाया आहे, आणि देव आपले काम ‘साधनां’मधून, म्हणजे माणसांचे हात, पैसा, जहाजे आणि व्याकरणे यांमधून करतो. त्याच वर्षी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि १७९३ च्या अखेरीस कॅरी कलकत्त्यात उतरले. पुढची सात वर्षे त्यांच्या हाती सांगण्यासारखे काहीच लागले नाही. कृष्ण पाल या बंगाली सुताराचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. तोवर हुगळीकाठच्या सेरामपूर या डॅनिश वसाहतीत कॅरी, शिक्षक जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड यांची वस्ती उभी राहिली होती, आणि बायबल भारतातल्या भाषांमध्ये उतरवून छापण्याचे काम सुरू झाले होते.

हे काम किती अवाढव्य होते याची कल्पना आज सहज येत नाही. ज्या भाषांना छापील व्याकरण नाही, कोश नाही, कित्येकदा छापण्याजोगे खिळेही नाहीत, अशा भाषांसाठी आधी खिळे पाडायचे, मग व्याकरण रचायचे आणि त्याबरोबरच हजारो वर्षांपूर्वीचा ग्रंथ भाषांतरित करायचा. खिळ्यांच्या बाबतीत पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या बंगाली कारागिरांचे कसब नसते, तर मिशनरींचा सगळा उत्साह हस्तलिखितांतच राहिला असता. भाषांतर पंडितांच्या साह्याने होई. मराठीसाठी कॅरी यांच्याबरोबर वैजनाथ पंडित होते. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये मोडी लिपीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार सेरामपूरहून बाहेर पडला. मराठी मुद्रणाच्या इतिहासाची आरंभीची काही पाने अशा रीतीने मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, हुगळीच्या काठी लिहिली गेली.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, अनेक भारतीय लिप्यांचे खिळे, छापायला तयार असलेली भाषांतरे, तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांची हस्तलिखिते आणि अनेक भाषांचे शब्द एकत्र मांडणाऱ्या कॅरी यांच्या महाकोशाची सामग्री जळून गेली. छपाईची यंत्रे मात्र बाजूच्या खोलीत असल्याने वाचली, आणि राखेचा ढीग उपसताना खिळे पाडण्याचे पोलादी ठसे शाबूत सापडले. वॉर्ड यांनी वितळून गोळा झालेले शिसे पुन्हा मुशीत घातले, कारागीर रात्रंदिवस खिळे ओतू लागले, आणि काही महिन्यांत छपाई रुळावर आली. बातमी ब्रिटनला पोचताच नुकसानभरपाईची रक्कम, सुमारे १०,००० पौंड, थोड्याच आठवड्यांत वर्गणीतून उभी राहिली. कॅरी यांनी पत्रांतून असे म्हटले की, एकदा चालून गेलेला रस्ता दुसऱ्यांदा चालणे सोपे जाते. मिशनरी साहित्यात हा प्रसंग श्रद्धेच्या कसोटीचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही. पण या मंडळींच्या चिकाटीची सर्वांत कठीण कसोटी ही आग नव्हती. आग बाहेरून येते, तिचा दोष कोणाच्या माथी नसतो, आणि तिच्यापुढे माणसे एकत्र येतात.

अधिक अवघड होते ते एकत्र राहणे. सेरामपूरच्या वस्तीने एक समाईक तिजोरी ठेवली होती : फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवण्याबद्दल कॅरी यांना मिळणारा पगार, मार्शमन आणि त्यांची पत्नी हॅना यांच्या शाळांचे उत्पन्न आणि वॉर्ड यांच्या छापखान्याची कमाई, सगळे तिच्यात जमा होई आणि प्रत्येक कुटुंबाला त्यातून खर्चापुरते मिळे. दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यातील रुसवेफुगवे मोकळेपणाने बोलून मिटवावेत, असा नियम होता. ईश्वरशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांपेक्षा हा साधा नियम चिकाटीच्या स्वरूपाविषयी अधिक सांगून जातो, कारण त्यात असे गृहीत धरले आहे की श्रद्धावंत माणसेही आठवड्याभरात एकमेकांना दुखावणारच, आणि काम टिकवायचे तर त्याची झाडलोट नेमाने करावी लागणार. हे तिघे वॉर्ड यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८२३ पर्यंत एकत्र राहिले. इंग्लंडमधील सोसायटीशी असलेले नाते मात्र टिकले नाही. १८१५ मध्ये फुलर वारल्यावर नव्या समितीने मालमत्ता कोणाच्या नावे आणि हिशेब कोणाच्या ताब्यात, हे प्रश्न विचारायला सुरुवात केली. नव्याने आलेल्या तरुण मिशनरींना ज्येष्ठांचा कारभार एककल्ली वाटू लागला. आणि १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी विभक्त झाल्या. आगीने जे मोडले नाही ते हिशेबाच्या वह्यांनी मोडले.

बायबलच्या जुन्या करारातील नहेम्याच्या ग्रंथातही हेच दिसते. इ.स.पूर्व पाचव्या शतकात इराणी सम्राटाचा प्याला धरणारा यहुदी अधिकारी नहेम्या यरुशलेमेचा पडका तट बांधायला जातो, सोनार, गंधी आणि याजक आपापल्या वाट्याचा तट उभारतात, आणि ५२ दिवसांत काम पुरे होते. सामूहिक कार्याचे उदाहरण म्हणून व्यासपीठावरून ही कथा फार आवडीने सांगितली जाते. एका हातात शस्त्र आणि दुसऱ्या हाताने काम हे चित्र श्रोत्यांना भावतेही. परंतु या ग्रंथाचा पाचवा अध्याय बहुतेक वेळा वगळला जातो. त्यात शत्रूंचा पत्ता नाही. तेथे गरीब बांधकरी आपल्याच धनिक बांधवांविरुद्ध गाऱ्हाणे मांडतात की, शेते गहाण पडली आणि मुलेबाळे दास्यात गेली, आणि नहेम्याला व्याज सोडायला लावून, जमिनी परत देववून मगच पुढे जाता येते. सामायिक कामातली चिकाटी आधी न्याय मागते, हे ग्रंथकाराने कथेच्या मधोमध ठेवलेले सत्य आहे.

ही फूटपट्टी सेरामपूरला लावली की दोन अडचणीच्या गोष्टी समोर येतात. पहिली कॅरी यांची पत्नी डोरोथी यांची. त्यांनी आरंभी भारतात येण्यास नकार दिला होता, मग मन वळवल्यावर त्या निघाल्या, १७९४ मध्ये त्यांचा लहान मुलगा बंगालमध्ये दगावला, आणि त्यानंतर त्यांचे मन जे बिघडले ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. भाषांतराचे काम चालू असताना त्याच घरात ही बाई वर्षानुवर्षे भ्रमिष्टावस्थेत होती. तिने हे कार्य निवडले नव्हते, तरी त्याची किंमत तिने सर्वांहून अधिक मोजली. आणि तिला मोजणीत न घेता कॅरी यांच्या चिकाटीची जी स्तुती केली जाते, ती अपुरी म्हणावी लागते. दुसरी गोष्ट पंडितांची. मृत्युंजय विद्यालंकार किंवा वैजनाथ पंडित यांनी बायबलचे शब्द जुळवले, पण ते हिंदूच राहिले. वेतनासाठी, विद्येच्या गोडीसाठी किंवा दोन्हींसाठी त्यांनी हे कष्ट उपसले, आणि त्यांच्या चिकाटीचे श्रेय ख्रिस्ती श्रद्धेच्या खात्यावर मांडणे प्रामाणिकपणाचे नाही. उलट, देव साधनांतून काम करतो हा कॅरी यांचाच सिद्धान्त मनापासून मानला, तर आपल्या श्रद्धेत सहभागी नसलेल्यांनीही हे काम तोलून धरले, हे मोकळेपणाने कबूल करावे लागते.

आणि मग अक्वायनस यांचा हट्टाचा प्रश्न येतोच. सेरामपूरने सुमारे ४० भाषांमध्ये बायबल किंवा त्याचे भाग छापले. त्यांतील सहा भाषांमध्ये संपूर्ण बायबल निघाले, आणि मराठी ही त्यांपैकी एक. संख्या डोळे दिपवणारी आहे, परंतु त्यांतील अनेक भाषांतरे घाईची होती, संस्कृतच्या साच्यातून काढलेली होती आणि ज्यांच्यासाठी ती केली त्यांना ती नीट कळत नव्हती. सेरामपूरची मराठीही पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला परकी वाटली. कमी भाषा घेऊन अधिक काळजीने काम केले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्यानंतरच्या भाषांतरकारांना वाटले आणि ते मान्य करण्यासारखे आहे. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असा ख्रिस्ताचा दृष्टान्त आहे. सेरामपूरकरांनी पैशाचा अंदाज केला, कष्टांचाही केला, पण एका माणसाला किती भाषा खऱ्या अर्थाने येऊ शकतात याचा अंदाज त्यांनी केला नाही. फळ देवाच्या हाती आहे या विश्वासाने त्यांना आगीतून सावरले, आणि त्याच विश्वासाने त्यांना आपल्या फळाची परीक्षा करण्यापासून काही अंशी दूरही ठेवले.

मराठी वाचकाला येथे गीतेतील फलाशात्यागाची आठवण होईल, पण साम्य वरवरचे आहे. ख्रिस्ती विचारात फळाची आशा सोडायची नसते. ती धरायचीच असते, फक्त ते फळ आपल्याच हयातीत, आपल्याच हाताला लागावे हा आग्रह सोडायचा असतो. करिंथच्या मंडळीला लिहिताना संत पौल म्हणतात की एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, आणि वाढ देवाने दिली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय याच्याही पुढे जातो : पूर्वजांना वचनाचे फळ मिळाले नाही, कारण मागाहून येणाऱ्यांवाचून त्यांची पूर्णता होऊ नये अशी देवाची योजना होती. म्हणजे सामायिक कामातले सहकारी केवळ शेजारी बसलेले नसतात. अजून न जन्मलेलेही त्यात मोडतात, आणि आपले काम पुसून पुन्हा लिहिण्याचा अधिकार त्यांना असतो. हट्टाला हाच अधिकार मान्य नसतो.

मराठी बायबलची वाटचाल या अर्थाने पाहण्यासारखी आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि १८१४ मध्ये त्यांना येऊन मिळालेले सॅम्युएल न्यूएल यांनी सेरामपूरचे भाषांतर न वापरता नव्याने आरंभ केला. न्यूएल १८२१ मध्ये वारले, हॉल १८२६ मध्ये प्रवासात पटकीने गेले, आणि काम पुढच्या मिशनरींकडे व त्यांच्या मराठी साहाय्यकांकडे गेले. त्यानंतरही सुधारणा होत राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी केडगावच्या मुक्ति सदनात पंडिता रमाबाईंनी, रूढ भाषांतरातील भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही म्हणून, वयाच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल एकट्याने मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि छपाईला मुक्ति सदनातल्याच बायका बसल्या. १९२१ मध्ये रमाबाईंची मुलगी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबल बाहेर आले ते १९२४ मध्ये. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी उपासनेत मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू ठेवले.