वर्कशॉपची जागा

नव्या शाळेचा नकाशा आखताना दर्शनी बाजूला मुख्याध्यापकांची खोली येते, शेजारी कार्यालय, मग वर्ग. वर्कशॉप ठेवलंच, तर मागे सायकल स्टँडच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. आवाज होतो, धूळ उडते, ही कारणं खोटी नाहीत. पण डोक्याचं काम पुढे आणि हाताचं काम मागे, हे सहावीतल्या मुलालाही त्या रचनेवरून कळतं. मग श्रमप्रतिष्ठेचे सुविचार फळ्यावर रोज लिहिले तरी ते कोण मनावर घेणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायचं ठरवलं. दप्तराविना दहा दिवसांची कल्पनाही त्यातलीच. अभ्यासक्रमावर भरपूर बोललं गेलं, इमारतीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला तो प्रश्न पहिला वाटतो.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून हा माणूस या दुष्काळी गावात येऊन राहिला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळंच शिकतात. आश्रमाची ओळख झालेले घुमटही शिकणाऱ्या मुलांच्या हातून उभे राहिलेले आहेत. लोखंडी त्रिकोणांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा.

अशा घुमटाच्या एका साध्या प्रकारात दोनच लांबीचे तुकडे लागतात. त्रिज्या दहा फूट धरली, तर एक सुमारे ५ फूट साडेपाच इंचांचा, दुसरा ६ फूट २ इंचांचा. कापताना थोडं इकडेतिकडे झालं तर सुरुवातीला काही जाणवत नाही. सांगाडा वर चढत जातो तशी चूक साठत जाते आणि शेवटचे त्रिकोण जुळवताना बोल्ट भोकात बसत नाही. भूमितीच्या पेपरात अर्धा गुण गेला तर पोरं विसरून जातात. इथे सगळं खोलून पुन्हा मोजावं लागतं. त्या मुलाला मापाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पाबळचा कार्यक्रम पुढे इतर शाळांतही गेला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामात घालवतात, गावाला सेवाही देतात: कुणाचं फाटक वेल्ड करून दे, कुणाची माती तपास, कुणाचा रक्तगट काढ. इमारत बांधणाऱ्याने इथेच लक्ष द्यायला हवं. गावकरी मोडका नांगर घेऊन येणार असेल, तर वर्कशॉपचं रुंद दार रस्त्याच्या बाजूला हवं, शाळेच्या पोटात नको.

बाकीच्या गरजा कुठल्याही कारागिराला विचारल्या तर तो सांगेल. थ्री-फेज वीज, उंच छत, मशीनखाली पक्की फरशी, वेल्डिंगचा धूर ओढून घेणारा पंखा, गॅसच्या टाक्यांना बाहेर जाळीची खोली. उजेड उत्तरेकडून घ्यावा. गिरणगावातल्या कितीतरी शेड्सना करवतीच्या दात्यांसारखी छपरं होती ती याचसाठी. कामावर थेट ऊन पडत नाही, डोळे दिपत नाहीत. आणि मुलींसाठी कपडे बदलायची खोली हवीच. ती नसली की ओढणी सांभाळत लेथजवळ उभं राहणं मुलींना धोक्याचं ठरतं, मग त्यांना तिथून दूर ठेवलं जातं आणि वर 'मुलींना आवड नाही' असा शेरा मिळतो.

जर्मनीतल्या डेसाऊ इथे १९२६ मध्ये वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियसने बाउहाउस या कला-रचनेच्या शाळेची इमारत उभी केली, तेव्हा वर्कशॉपच्या भागालाच सर्वांत देखणी काचेची भिंत दिली. आतले दिवे, रंगकाम तिथल्याच वर्कशॉप्सनी केलं. ती काच उन्हाळ्यात तापायची, हिवाळ्यात गारठवायची, तेव्हा तिची नक्कल विदर्भात करू नये. घ्यायचं ते एवढंच, की कामाची जागा त्याने लपवली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की शाळा शंभर टक्के पूर्ण करून ताब्यात घेऊच नये. खांब, छत, पायऱ्या हे इंजिनिअरच्या जबाबदारीवर ठेकेदाराने करावं. बाकं, कुंपण, सायकल स्टँड, पावसाच्या पाण्याची टाकी हे मुलांसाठी राखून ठेवावं आणि त्या सामानाचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच वेगळा धरावा. नाहीतर निविदेत 'फर्निचरसह' हा एक शब्द पडतो, सगळं ट्रकमधून तयार उतरतं आणि मुलांना करायला काहीच उरत नाही.