गाठ फोडण्याआधी

शाळेच्या घाईत आई लेकीची वेणी घालत असते. केस वर ओढताना कानाखाली, मानेच्या कडेला, बोटाला काहीतरी टणक लागतं. दाबलं तरी पोर ओरडत नाही. ‘अवधान आलं असंल, दाढ किडलीय तिची,’ आजी म्हणते. नेवाशाच्या वाड्यावस्त्यांवर असं म्हणणाऱ्या आजीचं बहुतेक वेळा बरोबरच असतं. दात, घसा, डोक्यातले फोड बरे झाले की गाठही ओसरते.

पण दोन आठवडे उलटूनही ती तशीच राहिली, वाढली, शेजारच्या गाठी तिला चिकटू लागल्या, तर गाठीवर चुना-गूळ लावणं थांबवावं. ही गंडमाळ असू शकते, म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय. सुश्रुतांनाही हा आजार ठाऊक होता. इंग्लंडात राजाच्या स्पर्शाने तो बरा होतो अशी समजूत होती. पुढे शब्दकोशकार झालेल्या सॅम्युअल जॉन्सनला 1712 मध्ये लहानपणी त्यासाठी राणी ॲनकडे नेलं होतं. स्पर्शाचा गुण आला नाही. गाठी कापल्याचे व्रण मात्र त्याच्या मानेवर जन्मभर राहिले.

तसे व्रण आजही दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं. क्षयाची मऊ झालेली गाठ चिरा देऊन फोडली, तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. आधी बारीक सुईने गाठीतला अंश काढावा, काचपट्टीवर पाहावा, ट्रूनॅट किंवा सीबीनॅटवर जनुकीय चाचणी करावी. ट्रूनॅट यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेलं, बॅटरीवर चालणारं.

काचपट्टीवर जंतू दिसतात आणि जनुकीय चाचणी क्षय नाही म्हणते, असंही कधी होतं. तेव्हा क्षयजंतूच्या दुर्मिळ भावकीचा संशय घ्यावा. हे जंतू माती-पाण्यात राहतात आणि बहुधा पाच वर्षांखालच्या, एरवी हसत्याखेळत्या मुलांना गाठतात. वरची कातडी जांभळट होते. इथे उपचार उलटा: क्षयाला सहसा सहा महिने गोळ्या, तर या गाठीला बहुधा शस्त्रक्रिया. तीही नुसता चिरा नव्हे, अख्खी गाठ अलगद बाहेर. कारण ओठ हलवणारी नस तिथूनच जाते.

क्षयाचा उपचार चालू असताना गाठ काही काळ आणखी फुगू शकते. मरणाऱ्या जंतूंवर शरीर चवताळून उठतं, त्याची ती सूज. ‘औषध लागू पडेना’ म्हणून घरचे नेमकी तेव्हाच गोळी सोडतात. डॉक्टरांना जरूर दाखवावं, पण गोळी चुकवू नये.

भेंडे-सोनईच्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचं तर उपचार संपण्याआधीच गावी परतणं होतं. निघण्यापूर्वी निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी क्षयनोंदणीचा क्रमांक, लिहून घ्यावा. त्यावर तेच औषध पाथर्डीत, गेवराईतही फुकट मिळतं.